चांगल्या कानाकडची जागा

आमच्या ह्यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. उभा जन्म इंजिनांच्या घरघरीत गेला, त्यात डावा कान कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. मला मात्र कळलं, कारण मी चिडले की ते हळूच मान वळवून डावा कान माझ्याकडं करायचे आणि शांतपणे भाकरी खात बसायचे. मी सरकारी दवाखान्यात नर्स. वॉर्डात नातेवाइकांवर ओरडून ओरडून माझा आवाज चांगला तयार झालेला, पण त्या कानापुढं माझं काही चालायचं नाही. शेवटी मी माझी बाजू ठरवूनच टाकली. जेवताना, झोपताना, संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला बसताना मी त्यांच्या उजव्या हाताला. स्कूटरवर मागं बसले तरी उजव्या खांद्यावरून बोलायचे. मुलीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया उजवीकडं बसतात.

शिरूरमध्ये सगळे मला सिस्टरबाई म्हणतात. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात कुणीतरी बीपीची गोळी दाखवतंच. हे आजारी पडले तेव्हा मला रिपोर्ट वाचायची गरज नव्हती, चेहरा बघूनच समजलं. त्यांनाही समजलं होतं. एका सकाळी मी उशी नीट करत होते, तर म्हणाले, "तुझी जागा उजवीकडं ठेव हां. डावीकडं निजलीस तर तू काय बोलतेयस ते मला पुनरुत्थानापर्यंत कळायचं नाही."

"गप बसा. काहीतरीच बोलता," मी म्हटलं. पण जागा ठेवली.

आमची दफनभूमी गावाबाहेर माळावर आहे. जुन्या मिशनच्या काळातली. सगळा मुरूम, आणि मध्येच काळा कातळ. आमच्यात खड्डा खणायला मजूर लावत नाहीत. चर्चच्या मंडळीतले पुरुषच पहार, टिकाव घेऊन जातात, मग तो बँकेतला साहेब असो की दूधवाला. ह्यांच्या वेळी खणताना डाव्या बाजूला कातळ लागला आणि एक पहार वाकली. उजव्या बाजूला मात्र एका माणसापुरती जागा मोकळी होती, त्यापलीकडं पायवाट. त्या जागेच्या बरोबर मध्यात मी मोगऱ्याचं रोप लावलं. दर शनिवारी रिक्षानं पाण्याचा कॅन घेऊन जायचे, मोगऱ्याला पाणी घालायचे, ह्यांच्याशी आठवड्याभराचं बोलायचे आणि घरी यायचे. ती जागा माझी आहे असं मी कुणाला मुद्दाम सांगितलं नाही. सांगायला कशाला लागतंय? मोगरा होता ना.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी दौंडला असते, जावई रेल्वेत आहे, तेव्हा ऑपरेशनही तिकडंच केलं आणि डोळा पुरता बरा होईपर्यंत तिच्याकडंच राहिले. शिरूरला परत आले तो शनिवारच होता. बॅग ठेवली, कॅन भरला आणि माळावर गेले. नवीन डोळ्यानं सगळं लख्ख दिसत होतं. ह्यांच्या उजव्या हाताला ताज्या मातीचा ढिगारा होता. त्यावर दोन काठ्या बांधून केलेला क्रूस, वाळलेल्या झेंडूची माळ. आणि माझा मोगरा एका रंगाच्या डब्यात लावून बाजूला ठेवलेला.

मी तिथूनच मंडळीच्या सेक्रेटरींना फोन लावला. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. वडगाव रासाईला भीमेच्या काठी शेती आहे त्यांची, रविवारी चर्चला येतात, आणि मंडळीतलं कुठलंही काम पडलं की पहिले तेच धावतात.

"आप्पा, माझ्या जागेत कोण निजलंय?"

आप्पा म्हणाले, "सिस्टरबाई, तुमी घरी जावा, ऊन लई हाय. मी येतो."

आले. पाणीसुद्धा न पिता बोलायला लागले. "एक पोरगं हाय, झारखंडचं. कंपनीत कामाला. आपल्यातलंच, इश्वासू. त्येची आय नातवाला बघाया आली आन् तापानं गेली. गावाकडं न्यायची काय सोय न्हाई. पोरगं चर्चच्या पायरीवर येऊन बसलं. आता काय करायचं? दुपारचं ऊन, मयत दवाखान्यात. आमी धा ठिकाणी पहार मारली, कुठंबी आत जाईना. तिथं मारली, तर लोण्यावानी गेली."

"लोण्यासारखी जाणारच! मी तिथं पाणी घालते."

"त्येच तर. आमी म्हणतोय, ह्यो माळ हितंच कसा काय मऊ? देवानंच दाखवली जागा, असं वाटलं."

"आणि मोगरा दिसला नाही?"

"दिसला की. म्हणून तर डब्यात लावला. जगलाय बगा."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. आप्पा बिचारे मान खाली घालून बसले. भिंतीकडंला दुसरी जागा आहे म्हणाले, बाभळीची सावलीही आहे. "मला तिथं सावली काय करायचीय?" मी म्हटलं. मग म्हणाले, बाईंची कबर कच्चीच ठेवू, चौदा वर्षांनी नियमाप्रमाणं ती जागा पुन्हा वापरता येते.

"चौदा वर्षं? मी सत्तरी ओलांडलीय आप्पा. वनवासाला धाडताय का मला?"

आप्पांना हसू आलं, मग आपण हसलो म्हणून आणखीच ओशाळले. मी काही हसले नाही.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. लोकांना वाटेल, म्हातारीला एवढं काय त्या सहा फुटांचं? मेल्यावर कुठं का निजेना. मला स्वतःलाही तसं वाटायचं. दर रविवारी मी उभी राहून मोठ्यानं गाते की माझं म्हणून काही नाही, सगळं तुझंच, प्रभू. वर्षानुवर्षं गातेय, मनापासून गातेय. दशमांश दिला, पूरग्रस्तांना साड्या दिल्या, करोनाच्या वेळी रिटायर असूनही लस द्यायला जाऊन बसले. ते देताना मला काही वाटलं नाही, कारण ते माझ्याकडं जास्तीचं होतं. ही एकच वस्तू माझ्याकडं जास्तीची नव्हती, आणि नेमकी तीच गेली होती.

शनिवारी मी जायचे तशी जायचे. पण बोलणं होईना. नवराबायकोचं बोलणं परक्या बाईसमोर कसं करायचं? ती त्यांच्या चांगल्या कानाशी. मी पायथ्याशी उभी राहून नुसती बघत राहायचे. एकदा तर मनात आलं, आता हे दिवसभर हिंदी ऐकत असतील, आणि मला त्या बाईचा असा काही हेवा वाटला की माझीच मला लाज वाटली. मोगऱ्याचा डबा मी घरी आणून न्हाणीच्या बाहेर ठेवला. माळावर पाणी न्यायचं बंद केलं.

नाताळ झाल्यावर आप्पा पुन्हा आले. त्या पोराला ठेकेदारानं दौंडकडं, कुरकुंभच्या एमआयडीसीत हलवलं होतं. आता त्याला दर रविवारी शिफ्ट सुटल्यावर माळावर येणं जमणार नव्हतं. पावसाळ्यात गवत माजलं तर आईची खूण राहणार नाही, म्हणून त्याला कबर पक्की बांधून घ्यायची होती. आमच्याकडं रीत अशी की, पक्की कबर बांधायची तर शेजारच्या कबरीच्या घरच्यांनी हो म्हणावं लागतं, कारण बांधकामाची कड त्यांच्या कबरीला लागते. ह्यांच्या घरची म्हणजे मीच.

"पक्की बांदली, की मग ती जागा कायमचीच गेली बगा," आप्पा म्हणाले. "म्हणून इचारतो. तुमी न्हाई म्हनला, तर न्हाई सांगतो त्येला."

"नाही म्हणून सांगा," मी म्हटलं.

त्याच्या पुढचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा. आमच्याकडं भोजनाआधी पाळकसाहेब आठवण करून देतात, कुणाबद्दल मनात काही अडलं असेल तर आधी ते मोकळं करा, मग पुढं या. मग एकेक रांग उठते आणि प्रभूची भाकर घ्यायला कठड्याशी गुडघे टेकते. लहानपणी माझा विश्वास पक्का झाला तेव्हापासून मी कधी बसून राहिले नव्हते. त्या दिवशी आमची रांग उठली आणि मी उठले नाही. खोटं खाऊन कसं चालेल? शेजारच्या बाईनं वाकून विचारलं, "गुडघे दुखतायत का?"

"गुडघे ठीक आहेत," मी म्हटलं.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. तरुण आहेत, माझ्या मुलीहून लहान. मी चहा दिला आणि म्हटलं, "सांगा काय सांगायचं ते. माफ करा म्हणा, दुसरा गाल पुढं करा म्हणा."

ते कपाकडं बघत म्हणाले, "कुणाला माफ करणार तुम्ही? त्या आजींनी काही केलेलं नाही. मुलानं नाही. आप्पांनी मुद्दाम केलेलं नाही."

"मग मी रागावलेय कुणावर?"

"ते मलाही कळत नाही, सिस्टरबाई. चहा छान झालाय."

ते गेल्यावर मी कप विसळायला घेतले. त्यांनी उपदेश केला असता, तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण माणूस खरं बोलून गेला. माफ करायला कुणीतरी चुकलेलं लागतं. मी आयुष्यभर माफ करायला शिकले होते, सासूला केलं, जावेला केलं, दवाखान्यातल्या डॉक्टरला केलं. माफ करताना आपण जरा वरच्या पायरीवर उभे असतो, ते सोपं जातं. इथं कुणीच चुकलेलं नव्हतं. फक्त माझं गेलं होतं. ते एक तर ओढून धरायचं, नाहीतर देऊन टाकायचं, एवढंच उरलं होतं. आणि मला देववत नव्हतं. देवाला मी तसं स्पष्ट सांगितलं. रोज संध्याकाळी सांगायचे, मला देववत नाही, तुला हवं तर तू काढून घे, पण मी हो म्हणणार नाही. अशी प्रार्थना करतात का? मी केली.

ईस्टरआधीचा उपासकाळ आला. घरोघरी संध्याकाळच्या प्रार्थना सुरू झाल्या, पेटी आणि ढोलकी या घरातून त्या घरात फिरायला लागल्या. एक गोष्ट मला टोचत होती. दवाखान्यात माझा नियम होता, वाईट बातमी दुसऱ्याच्या तोंडून पाठवायची नाही, आपण समोर जाऊन सांगायची. आणि इथं मी एका आई गेलेल्या पोराला आप्पांच्या तोंडून नाही म्हणून कळवलं होतं. नाही म्हणायचं तर त्याच्या समोर जाऊन म्हणावं. त्याला कळू दे, का ते. तेवढा तरी प्रामाणिकपणा असावा. मी आप्पांना फोन करून पत्ता मागितला.

"कुरकुंभला जाताय? मी बी येतो संगट," ते घाईनं म्हणाले.

"नको. मी दौंडला मुलीकडं चाललेच आहे, वाटेत उतरेन."

"सिस्टरबाई, त्येच्या आदी एक सांगायचं हाय तुमाला…"

"आल्यावर सांगा, गाडी लागलीय."

न्हावरा, पारगावचा पूल, केडगाव करत चौफुल्याला उतरले. तिथून वरवंड, पाटसवरून जाणारी दुसरी गाडी धरली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमुळं गाडी रेंगाळत होती, आणि मी मनात हिंदी जुळवत होते. मेरा भी कोई है उधर. मुझे भी सोना है उधर. छे! सोना है म्हटलं की भलतंच काहीतरी वाटतं. कुरकुंभला उतरले तेव्हा दुपार कलली होती. कंपन्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची लाईन आहे, त्यातली शेवटची खोली. दारात पोरगा उभाच होता. बारीक, काळासावळा, नुकताच शिफ्टवरून आलेला. आप्पांनी त्याला फोन केलेला असणार.

"यीशु सहाय," तो हात जोडून म्हणाला. आम्ही आमच्यात सलाम म्हणतो. मी सलाम म्हटलं.

त्याची बायको आतून पितळेचा तांब्या आणि परात घेऊन आली. मला वाटलं हात धुवायला. तिनं मला दारातल्या खुर्चीवर बसवलं, माझ्या चपला काढल्या आणि माझे पाय परातीत घेतले. "अरे अरे, हे काय!" मी पाय मागं घेतले. पोरगा म्हणाला, "हमारे यहाँ मेहमान का पैर धोते हैं, सिस्टर. गाँव में सब धोते हैं." तिनं घोट्यावरून पाणी सोडलं, बोटांच्या मधली धूळ अंगठ्यानं काढली. बसच्या प्रवासाची धूळ होती, पाणी गढूळ झालं. पाय धुतल्याची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये किती पोरांना शिकवली असेल. माझ्या स्वतःच्या पायांवर ते पाणी कधी पडलं नव्हतं. मी नाही म्हणायला आले होते, आणि माझे पाय तिच्या हातात होते.

पाय पुसता पुसता तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "माँ को जगह आप ही ने दिया ना?"

मला कळेना. "कौन बोला?"

"आप्पा बोले थे," पोरगा म्हणाला. "उस दिन हम पूछे, किसका जगह है, फूल लगा हुआ है. आप्पा बोले, एक सिस्टर हैं, अपना जगह दे दी हैं. हम लोग रोज आपके लिए प्रार्थना करते हैं. नाम नहीं मालूम था, तो सिस्टर ही बोलते हैं."

आप्पा! फोनवर सांगायचं राहिलेलं ते हे. आणि माझं नाही त्यांनी या दोघांपर्यंत पोचवलेलंच दिसत नव्हतं. त्या दिवशी त्या पोराच्या तोंडाकडं बघून ते खोटं बोलून गेले असणार, आणि मग निस्तरायचं कसं ते त्यांना कळलं नसणार. जवळ असते तर मी त्यांना सोडलं नसतं. पण जवळ होती ती ही दोघं. माझ्याकडं अशी बघत होती, की तसं माझ्याकडं आजवर कुणी बघितलेलं नाही. आतून त्यांचा मुलगा, वर्षाचा असेल, रांगत रांगत आला आणि माझ्या पदराला धरून उभं राहायला लागला.

खरं सांगते, गप्प बसावं असं वाटलं. नुसती मान हलवायची, चहा प्यायचा, बाळाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि दौंडची गाडी धरायची. किती सोपं होतं! माझ्या नावानं रोज प्रार्थना चाललीच होती, ती पुढंही चालली असती. पण मग मी देवाला रोज जे सांगत होते, ते कुणी सांगितलं होतं?

"नहीं बेटा," मी म्हटलं. "मैंने दिया नहीं. मैं वहाँ नहीं थी, मेरे पीछे ले लिया. बाजू में मेरा आदमी है. वो जगह मेरा था. मैं आज तुमको ना बोलने आई."

पोरग्यानं बायकोकडं बघितलं, मग हात जोडून उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. म्हणाला, "हमको मालूम नहीं था, सिस्टर. माफ कीजिए. हम माँ को उधर से निकाल लेंगे. जो परमिशन लगेगा, हम ले लेंगे. आपका जगह आपको मिलना चाहिए."

तो मनापासून म्हणत होता. मी डोळ्यांसमोर आणलं, हा पोरगा पहार घेऊन स्वतःच्या आईला उकरतोय. नर्स म्हणून मी किती माणसं शेवटची धुतली, पुसली, हात सरळ केले, जबडा बांधला. आणि या बाईला, जी नातू बघायला एवढ्या लांब आली आणि परमुलखात गेली, तिला मी जागेवरून उठवायला निघाले होते? ह्यांच्या शेजारून? हे काय म्हणाले असते? हे काहीच म्हणाले नसते, डावा कान माझ्याकडं केला असता.

माझे पाय अजून ओले होते. "बस नीचे," मी त्याला म्हटलं, वॉर्डातल्या आवाजात. तो बसला. "तब नहीं दिया था. आज देती हूँ. आज दिया. पक्की बांधो."

आणि मग मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, परक्या घरात, परक्या भाषेत. रडता रडता त्यांना कानाची गोष्ट सांगितली, मी उजवीकडंच का बसायचे ती. स्कूटरवरची सांगितली, भाकरीची सांगितली. त्याची बायको हसायला लागली, मग तीही रडायला लागली. बाळ आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत होतं. "दूसरे बाजू में?" पोरग्यानं विचारलं. "उधर पत्थर है," मी म्हटलं. "पहार टेढ़ा हो गया." त्यानं मान हलवली. मग आम्ही चहा प्यालो, त्यांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना केली, मी मराठीत आमेन म्हटलं.

देऊन झालं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. दौंडला मुलीच्या घरी रात्री जेवण गेलं नाही, दोन दिवस तोंडाची चव गेली होती. हे जवळ नसतील, या विचारानं छातीत दुखायचं. पण एक झालं. देवाशी भांडण संपलं. पवित्र गुरुवारी प्रभुभोजनाला माझी रांग उठली तेव्हा मी उठले. गुडघे टेकताना कठड्याला धरावं लागलं, कारण गुडघे खरंच दुखत होते. आप्पा दाराशी उभे होते, माझ्याकडं बघायची हिंमत करत नव्हते. बाहेर पडताना मी म्हटलं, "खोटारडे." ते म्हणाले, "व्हय." दोघंही हसलो.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमची सगळी घरं माळावर जातात. कबरींवरचं गवत काढतात, चुना देतात, दुसऱ्या दिवशी पहाटे तिथंच उपासना असते. मी दुपार टळल्यावर चुन्याची बादली घेऊन गेले, बरोबर रिक्षात मोगऱ्याचा डबाही घेतला होता. त्या बाईंच्या कबरीवर लावू, असं मनात होतं. फाटकातून आत शिरले, तर धडधड आवाज. ह्यांच्या कबरीपाशी चार-पाच पोरं, तोंडाला गमछे बांधलेली, अंगभर पांढरी धूळ. मधोमध तो पोरगा, हातात कातळ फोडायची मशीन. कंपनीत पाया फोडायला वापरतात तसली, जनरेटरवर चालणारी. आप्पा एका बाजूला ट्रॅक्टरची ट्रॉली लावून उभे, ट्रॉलीत भीमेकाठची काळी माती.

कातळ फुटला होता. ह्यांच्या डाव्या हाताला, एका माणसाच्या मापाचा खड्डा, चारी कडा सरळ.

मला बघून पोरग्यानं मशीन बंद केली. गमछा खाली ओढून म्हणाला, "मेरे को तो रोज का काम है, सिस्टर. दो दिन लगा. अब मिट्टी भर देते हैं, नहीं तो कोई गिरेगा. नदी का मिट्टी है, नरम. आप पानी देते रहिए, नरम ही रहेगा."

मी बादली खाली ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्या सगळ्या धुळीसकट. पोरांनी माती लोटली. माती वर आली तशी आप्पांनी फावड्यानं मध्ये एक खळगा केला, आणि मी डब्यातला मोगरा काढून त्यात लावला. स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या हातानं. पाणी घातलं. मग पोराबरोबर त्याच्या आईच्या कबरीला चुना दिला. पक्की बांधून झाली होती, चांगली बांधली होती.

पहाटे उपासनेला सगळी मंडळी जमली. उजाडायच्या आधीचा गार वारा होता, मेणबत्त्या विझत होत्या, पुन्हा लावत होते. गायला सुरुवात झाली तेव्हा मी ह्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. उजवीकडं तो पोरगा, कडेवर बाळ घेऊन, त्याची बायको शेजारी. मी मोठ्यानं गात होते, सवयीनं, आणि मध्येच लक्षात आलं, ह्या बाजूनं ह्यांना काही ऐकू जात नाही.

म्हणून त्या सकाळी मी देवाकडं एकच गोष्ट मागितली. सगळ्यांना उठवशील तेव्हा आमच्या ह्यांचा डावा कान सगळ्यात आधी उघड. मला त्यांना बरंच काही सांगायचं आहे, आणि यावेळी मान वळवायला जागा नको.